कचेरीची खिडकी आणि वेबचे जाळे

(तृतीय वर्ष कला)

'बी. ए. झाल्यावर पुढे काय?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला घरी, गावी आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या पाहुण्यांकडून ऐकावा लागतो. त्याची उत्तरेही ठरलेली असतात : शिक्षकी पेशा, स्पर्धा परीक्षा, बँक, फार तर वृत्तपत्र. ह्या यादीत सहसा न येणारा एक व्यवसाय मात्र आपण तीन वर्षे रोज डोळ्यांनी पाहत असतो. तो म्हणजे महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या कचेरीतला. गेल्या तीस वर्षांत ह्या कचेरीत वेबचा प्रवेश झाला आणि तेथील कामाचे स्वरूपच पालटले. उच्च शिक्षणाचे प्रशासन आणि वेबचे तंत्र ह्या दोहोंच्या संगमावर उभ्या असलेल्या ह्या व्यवसायाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका लहानशा प्रसंगामुळे. प्रवेशाच्या दिवसांत मी मदत कक्षात बसत असे. एके दिवशी एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांच्या हातात कागदपत्रांची पिशवी होती. त्यांच्या घरातून महाविद्यालयात येणारी ती पहिलीच. शिष्यवृत्तीच्या अर्जात तिचे नाव भरले, की पडद्यावर एकच वाक्य उमटे : 'माहिती जुळत नाही.' काय जुळत नाही, कोणाशी जुळत नाही, आता काय करावे, ह्याबद्दल एक अक्षर नाही. बापलेकीला गावाहून तीन खेपा घालाव्या लागल्या. अखेर आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकांनी दाखला हातात घेतला आणि क्षणात सांगितले, "शाळेत आडनाव आधी आहे, आधार कार्डावर शेवटी आहे." अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला.

घरी गेल्यावर माझ्या मनात आले, त्या लिपिकांना नियम ठाऊक होता, परंतु पडद्यामागे काय चालते हे ठाऊक नव्हते. ज्याने तो अर्ज बनविला त्याला पडद्यामागचे सर्व ठाऊक होते, परंतु मराठी घरात नाव कसे लिहितात हे त्याच्या ध्यानी आले नव्हते. ह्या दोघांच्या मध्ये उभा राहील असा माणूस तेथे असता, तर त्या वडिलांच्या तीन दिवसांची मजुरी बुडाली नसती. हा मधला माणूस होणे हाच तो व्यवसाय होय.

कचेरी म्हणजे काय?

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्याख्याने, ग्रंथालय आणि प्राध्यापक येतात. परंतु मुंबई विद्यापीठाची १८५७ साली स्थापना झाली तेव्हा ते शिकवीत नव्हते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम होते. म्हणजे आज आपण ज्याला कचेरीचे काम म्हणतो, तेच आरंभी विद्यापीठाचे मुख्य काम होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या वर्षीचे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांचा हिशेब एका वहीत सहज मावला असेल.

आज एका विद्यार्थ्यामागे किती नोंदी होतात पाहा. शाळा सोडल्याचा दाखला येतो आणि त्यावरून महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढते. मग विद्यापीठाची पात्रता, कायम नोंदणी क्रमांक, विषयांची निवड, शुल्क, शिष्यवृत्ती, हजेरी, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, आसनक्रमांक, गुण, पुनर्मूल्यांकन, गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि शेवटी पदवी. ह्या साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. पहिल्या नोंदीत एक वेलांटी चुकली, तर ती चूक पदवीपर्यंत चालत जाते आणि पुढे पारपत्र काढताना किंवा नोकरीवर रुजू होताना पुन्हा समोर उभी राहते. प्राध्यापकांनी दिलेले ज्ञान विद्यार्थ्याच्या डोक्यात राहते, पण ते त्याने मिळविले ह्याचा पुरावा कचेरीत राहतो. म्हणून ह्या कामाला केवळ 'कारकुनी' म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

जाळे कोठून आले?

वेबचा जन्म कोणत्या गरजेतून झाला, हे पाहिले की तिचे कचेरीशी असलेले नाते उमगते. जिनिव्हाजवळील सर्न ह्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत हजारो लोक काम करीत. अनेक जण दोनतीन वर्षे राहून आपापल्या देशी परत जात आणि त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही जाई. कोणते यंत्र कोणी बसविले, कोणता कागद कोठे आहे, हे नव्या माणसाला सांगणारे कोणी उरत नसे. ह्या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये संस्थेपुढे एक टिपण ठेवले. त्याचा विषय होता माहितीचे व्यवस्थापन! म्हणजे वेब जन्मली ती कचेरीच्या दुखण्यावर औषध म्हणून. सर्नमधील सर्वसाधारण कर्मचाऱ्यांना ती प्रथम उपयोगाची वाटली, तीही संस्थेची दूरध्वनी-यादी तिच्यावर चढविली तेव्हा. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी आहे. युरोपबाहेरील पहिले वेब केंद्र डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील प्रवेगक संस्थेत सुरू झाले. पॉल कुंझ ह्या शास्त्रज्ञाने सर्नमध्ये हे तंत्र पाहिले आणि परतल्यावर ते आपल्याकडे उभारले. परंतु त्याचे महत्त्व ताबडतोब ओळखून त्याचा पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तींत तेथील ग्रंथपाल लुईस ॲडिस ह्या अग्रभागी होत्या. भौतिकशास्त्रातील शोधनिबंधांची प्रचंड सूची त्यांच्या ग्रंथालयाकडे होती, आणि ती जगभरच्या वाचकांना घरबसल्या कशी मिळेल ही त्यांची चिंता होती. यंत्र जाणणारा आणि वाचक जाणणारी अशी दोन माणसे एकत्र आली, म्हणून ते काम झाले.

आपल्या देशातही जाळ्याची सुरुवात शिक्षणसंस्थांतूनच झाली. १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प आखला गेला. त्यात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आय. आय. टी. आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ह्यांचा समावेश होता. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी. विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्यासाठी १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट सुरू झाले. आज आपले प्राध्यापक पीएच. डी.चे प्रबंध ज्या 'शोधगंगा' भांडारात पाहतात, ते ह्याच संस्थेचे. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचा एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांपर्यंत पोचला, आणि विद्यापीठांच्या नोंदणीचे व परीक्षांचे कामही पुढे त्याच्या प्रणालींवर झाले.

कचेरीतून निघालेला एक शोध

ह्या व्यवसायातील माणूस काय करू शकतो ह्याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. मार्टिन दुगियामस हे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात संगणक-व्यवस्था सांभाळीत. त्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात, शाळेपासून शेकडो मैल दूर गेले. रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत ते शिकले. विद्यापीठाने अध्यापनासाठी एक विकतची वेब प्रणाली घेतली होती. ती सांभाळताना तिच्या उणिवा त्यांना रोज दिसत. प्राध्यापकांच्या अडचणीही त्यांच्याकडेच येत. त्यातून त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहावयास घेतली. २००२ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिचे नाव 'मूडल'. ती विनामूल्य आहे, कोणीही तिच्यात बदल करू शकतो, आणि आज जगातील असंख्य महाविद्यालये तिच्यावर वर्ग चालवितात. दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण ज्याने स्वतः सोसली होती आणि कचेरीत बसून जो तक्रारी ऐकत होता, त्याच्याच हातून हे घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२०१७ चा धडा

परंतु यंत्र आणले की प्रश्न सुटला असे मानणे घातक असते. ह्याचा कडू अनुभव मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली घेतला. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू केली. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेची प्रतिमा घ्यावयाची, तिच्यावर संकेतपट्टी असल्याने नाव गुप्त राहते, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत, आणि बेरजेच्या चुका टळतात. पण उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या आसपास होत्या. परीक्षा झाल्यावर प्रतिमा घेण्याचे काम सुरू झाले. अनेक प्राध्यापकांना ही पद्धत नवी होती आणि प्रशिक्षणाला अवधी नव्हता. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनाशा झाल्या. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली होती, ती उलटून गेली. निकाल महिनोन् महिने रखडले. परराज्यांत व परदेशांत प्रवेश मिळालेले विद्यार्थी गुणपत्रिकेविना अडकले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

ह्या घटनेत दोष केवळ यंत्राचा होता असे म्हणता येणार नाही. एका शाखेत, एका सत्रात ही पद्धत आधी वापरून पाहिली असती, एका प्राध्यापकाला दिवसात किती उत्तरपत्रिका पडद्यावर तपासता येतात ह्याचा हिशेब मांडला असता, आणि यंत्र बिघडल्यास पर्यायी वाट आखून ठेवली असती, तर हे संकट टळू शकले असते. हे तिन्ही प्रश्न विचारण्यासाठी फार मोठे संगणकज्ञान लागत नाही. त्यासाठी परीक्षा विभाग आतून माहीत असावा लागतो, आणि वेळीच 'थांबा' म्हणण्याचे धैर्य लागते.

नावाचा प्रश्न

आता आपल्या भाषेशी निगडित अशा बाजूकडे वळू. माझ्या मते कला शाखेच्या विद्यार्थ्याचे खरे क्षेत्र हेच आहे.

संगणकाला नाव म्हणजे अक्षरांची एक ओळ. एक अक्षर वेगळे असले की माणूस वेगळा. 'गायकवाड' हे आडनाव देवनागरीत एकच. रोमन लिपीत मात्र ते तीनचार तऱ्हांनी लिहिले जाते. शाळेतल्या दाखल्यावर एक, बँकेच्या पुस्तकात दुसरे. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचेच राहते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु ज्या अर्जात नावासाठी तीनच चौकटी आहेत, तेथे चौथी कोण आणि कशी घालणार? जुन्या नोंदींशी ती कशी जुळविणार? ह्याचा विचार आजच व्हावयास हवा, कारण ती मुले उद्या महाविद्यालयांत येणार आहेत.

लिपीचीही एक कथाच आहे. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरीत. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण आत साठविलेले असे ते रोमन अक्षराचे चिन्ह. तो टंक नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की सारे अगम्य! अशा कित्येक याद्या आणि इतिवृत्ते अनेक कार्यालयांत पडून आहेत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले. भारतीय मानक संकेत तयार झाले आणि त्यांच्याच आधारे १९९१ मध्ये युनिकोड ह्या जागतिक पद्धतीत देवनागरीला स्थान मिळाले. आता अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक असतो.

तरी काही खाचखळगे उरलेच. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो : साध्या 'र'ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून, किंवा नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. प्रवेशाच्या वेळी एका लिपिकाने एका प्रकारे लिहिले आणि परीक्षेच्या वेळी दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे शोधले, तर 'असा विद्यार्थी नाही' असे उत्तर येऊ शकते. ज्याला व्याकरण आणि वर्णमाला ठाऊक आहे, तोच येथे बोट ठेवून चूक दाखवू शकेल. भाषाशास्त्राच्या तासाला शिकलेले वर्णविचार असे कामास येतील, असे मला तेव्हा वाटले नव्हते!

पुढे तर नावाचे महत्त्व वाढणारच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. एका महाविद्यालयात मिळविलेले श्रेयांक तीत साठवून दुसरीकडे वापरता यावेत असा तिचा हेतू. बँकेत नाव जुळले नाही तर पैसे निघत नाहीत, तसेच येथेही.

कायद्याची बाजू

प्रशासनात जाणाऱ्याने तीन कायदे तरी वाचलेले असावेत. पहिला, २००५ चा माहितीचा अधिकार. त्याचे चौथे कलम सांगते, की सार्वजनिक संस्थेने आपली माहिती कोणी मागण्यापूर्वीच जाहीर करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. म्हणजे संकेतस्थळ ही शोभेची वस्तू नसून एक कर्तव्य आहे, आणि ते मराठीत असावे ही मागणी केवळ भाषाभिमानाची नाही. दुसरा, २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने संकेतस्थळ 'ऐकतो'. सूचनेचा कागद नुसता छायाचित्र म्हणून चढविला, तर त्याला तेथे काहीच ऐकू येत नाही. तीच सूचना टंकित करून टाकली, की काम भागते. तिसरा, २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. प्रवेशयादीबरोबर मुलींचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते सर्वांना दिसतील असे ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, हे कायद्याआधी आपल्या विवेकानेच सांगावयास हवे.

तयारी कोणती करावी?

ह्या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक अशी चढण असते. कनिष्ठ लिपिकासाठी पदवीबरोबर टंकलेखन, साधारणतः मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, आणि एम. एस. सी. आय. टी.सारखी परीक्षा मागितली जाते. विद्यापीठात सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि कुलसचिव ही पदे आहेत. सहायक कुलसचिवासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. परीक्षा व मूल्यमापन, वित्त व लेखा, ग्रंथालय, अंतर्गत गुणवत्ता कक्ष अशा विभागांतही संगणक जाणणाऱ्या माणसांची गरज असते. नॅकच्या मूल्यांकनासाठी वर्षानुवर्षांची माहिती जमवून ती वेबवर भरावी लागते, हे आपले प्राध्यापक जाणतातच.

तंत्राच्या बाजूने आरंभी थोडेच पुरे. पान कसे रचले जाते हे कळण्यासाठी एचटीएमएल, माहितीचे कोष्टक कसे ठेवतात आणि त्याला प्रश्न कसा विचारतात हे कळण्यासाठी एसक्यूएल, आणि जमल्यास एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा. हे सारे विनामूल्य शिकता येते, आणि सुटीच्या दोनतीन महिन्यांत पाया घातला जातो. त्याबरोबर विद्यापीठाची परिपत्रके आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ वाचण्याची सवय लावावी. ही पुस्तके रंजक नाहीत हे खरे. परंतु दोन्ही वाचणारे फार थोडे असतात, आणि म्हणूनच त्यांना मोल असते.

ह्या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते. संगणकाची कामे बहुधा कंत्राटावर किंवा बाहेरच्या कंपनीकडे दिली जातात. पगार बेताचा असतो. काम सुरळीत झाले तर कोणाला दिसत नाही, आणि बिघडले तर सर्वांचे बोट आपल्याकडे वळते. निकालाच्या दिवसांत रात्र नि दिवस एक होतात. ज्याला टाळ्यांची अपेक्षा आहे त्याने ह्या वाटेला जाऊ नये. परंतु बाहेरची कंपनी करार संपला की निघून जाते, आणि नोंदी व विद्यार्थी येथेच राहतात. त्यांना ओळखणारे माणूस संस्थेत असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

समारोप

पूर्वी कचेरीची खिडकी लाकडी होती. तिच्यासमोर रांग असे, आणि आतला माणूस चिडका असला तरी निदान त्याला प्रश्न विचारता येत असे. आज खिडकी पडद्यावर आली आहे. रांग दिसेनाशी झाली, पण संपली नाही; ती आता सायबर कॅफेत आणि मोबाईलच्या गोल फिरणाऱ्या चक्रासमोर उभी आहे. ह्या नव्या खिडकीमागे माणूस हवा की नको, हा खरा प्रश्न आहे.

मित्रहो, साहित्याच्या अभ्यासाने आपल्याला दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय लागते. इतिहासाने कागदाची किंमत कळते, राज्यशास्त्राने नियमांमागचा हेतू कळतो. ह्या शिदोरीत वेबच्या तंत्राची थोडी भर घातली, तर आपल्यापैकी काही जण त्या खिडकीमागे जाऊन बसू शकतील. तेथे बसल्यावर करावयाचे पहिले काम मी मनाशी ठरवून ठेवले आहे. 'माहिती जुळत नाही' हे वाक्य मी काढून टाकीन, आणि त्या जागी साध्या मराठीत लिहीन : 'तुमच्या दाखल्यावर आडनाव आधी आहे, आधार कार्डावर शेवटी आहे. अर्ज स्वीकारला आहे. काळजी करू नका.'